पिवळी ज्योत कोणाची

मी एक जुनी प्लॅटिनमची तार आहे. तार म्हटल्यावर, मित्रांनो, तुमच्या डोळ्यांपुढे विजेच्या खांबावरची लांबलचक तार आली असेल, तर ती आधी बाजूला सारा. मी जेमतेम तुमच्या करंगळीएवढी आहे आणि शिवणाच्या दोऱ्यापेक्षा फार जाड नाही. माझे एक टोक काचेच्या कांडीत पक्के बसवलेले आहे. दुसऱ्या टोकाला एक बारीकसे कडे वळवलेले आहे, मोहरीचा दाणा कसाबसा अडकेल एवढे. हे एवढेसे ध्यान पाहून पुष्कळ जण मला टाचणी समजतात. एका विद्यार्थ्याने तर माझ्या टोकाने नखातला मळ काढायचा बेत केला होता. मी नुकतीच आम्लातून बाहेर आले आहे हे त्याला कोणीतरी वेळेवर सांगितले, म्हणून तो वाचला आणि मीही वाचले.

माझा जन्म नदीच्या वाळूतला. वाळूत काळपट, जड कण असतात, त्यांत मी माझ्या भावंडांबरोबर मिसळून पडले होते. इरिडियम, पॅलॅडियम, ऱ्होडियम अशी त्यांची नावे. आम्ही इतके चिकटून राहत होतो की आम्हाला वेगळे करता करता माणसे रडकुंडीला येत. साध्या आम्लाला मी दाद देत नाही. दोन जहाल आम्ले एकत्र करून त्यात मला उकळले, तेव्हा कुठे मी विरघळले. मग शुद्ध होऊन पुन्हा धातू झाले आणि कारखान्यात आले. तिथे एका जाड पट्टीला छिद्रे होती, प्रत्येक छिद्र आधीच्यापेक्षा बारीक. त्यांतून मला एकामागून एक ओढले. मी बारीक होत गेले आणि लांब होत गेले, वजन मात्र तेवढेच राहिले. पुढे एका काच कारागिराने कांडीचे टोक वितळवून त्यात मला खोचले. काच आणि मी तापलो की जवळजवळ सारखेच फुगतो, त्यामुळे निवताना कांडी तडकली नाही. आमची जोडी अशी जमली ती आजतागायत.

तिथून मी एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आले. लांब दगडी टेबले, प्रत्येकावर बर्नर, मधोमध नळ, आणि भिंतींना लागून बाटल्यांच्या फळ्या. समोरच्या भिंतीवर आवर्तसारणीचा मोठा तक्ता होता. जगातली सारी मूलद्रव्ये त्यावर आपापल्या चौकटीत बसलेली. माझी चौकट सापडायला मला वेळ लागला नाही, कारण ती सोन्याच्या शेजारी आहे. मुले बोट फिरवत फिरवत येत आणि माझ्यावरून उडी मारून थेट सोन्यावर थांबत. शेजार असा असला की आपल्याला कोण विचारतो?

तिथल्या बाई शिकवायला उभ्या राहिल्या की मी कान देऊन ऐकत असे. उंचीला कमी, आवाजाला खणखणीत, आणि खडूने हात पांढरे. त्या म्हणत, "मूलद्रव्य म्हणजे काय? तर ज्याचे रसायनाच्या रीतीने कितीही तुकडे केले तरी त्यातून दुसरं काही निघत नाही ते. अशी शंभराहून थोडी जास्त मूलद्रव्यं आहेत, आणि बाकीचा सगळा संसार त्यांच्या जोड्यांचा आहे." मग त्या मिठाची गोष्ट सांगत. सोडियम हा चाकूने कापता येईल असा मऊ धातू, पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन हा हिरवट विषारी वायू. हे दोघे एकत्र आले की मीठ होते, आणि ते आपण रोज जेवणात घेतो. मुलांना हे दरवर्षी नवलाचे वाटे आणि खरे सांगायचे तर मलाही वाटे. एकटे असताना एवढे तापट, आणि दोघांचे जमले की इतके निरुपद्रवी.

आता माझे काम सांगते. माझे कडे आधी हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवायचे, मग बर्नरच्या निळ्या ज्योतीत धरायचे. ज्योतीचा रंग बदलला तर समजायचे, माझ्या अंगाला अजून काहीतरी लागलेले आहे. पुन्हा आम्ल, पुन्हा ज्योत. रंग अजिबात दिसेनासा झाला की मी स्वच्छ. मग कडे किंचित ओले करून अनोळखी पांढऱ्या क्षाराला टेकवायचे आणि पुन्हा ज्योतीत न्यायचे. त्या क्षारात कोणता धातू लपला आहे ते ज्योतच सांगते. बेरियम असेल तर कोवळा पोपटी रंग. तांबे असेल तर हिरव्यात निळा मिसळलेला. कॅल्शियम असेल तर विटकरी, आणि स्ट्रॉन्शियम असेल तर डाळिंबाच्या दाण्यासारखा गर्द लाल. पोटॅशियम फार लाजाळू. तो फिकट जांभळा रंग दाखवतो, आणि तुम्ही नीट बघेपर्यंत निघून गेलेला असतो.

असे का होते, हे एका मुलीने विचारले तेव्हा बाईंनी फळ्यावर जिना काढला होता. अणूमधले इलेक्ट्रॉन ज्योतीची उष्णता घेऊन वरच्या पायरीवर उडी मारतात. तिथे त्यांचे मन रमत नाही. ते खाली येतात आणि येताना घेतलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने टाकून देतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या जिन्याच्या पायऱ्या वेगळ्या, म्हणून प्रत्येकाचा रंग वेगळा. ज्यांची नावेही कोणाला ठाऊक नव्हती अशी काही मूलद्रव्ये माणसांना ज्योतीतल्या अनोळखी रंगावरूनच सापडली, हे ऐकल्यावर माझी मान चांगलीच ताठ झाली. सोन्याला जे जमत नाही ते मला जमते, असे मी त्या दिवशी ठरवून टाकले.

ही सगळी मंडळी गुणी. एकट्या सोडियमने मात्र मला सळो की पळो करून सोडले. त्याचा रंग झगझगीत पिवळा. तो कणभर असला तरी असा भडकतो की बाकी कोणाचे काही चालत नाही. घरी एखादा मोठ्या आवाजाचा पाहुणा आला की बाकीचे बोलायचे थांबतात ना, तसे होते. त्यात तो नको तिथे असतो. धुळीत असतो, नळाच्या पाण्यात असतो, आणि माणसाच्या घामात तर भरपूर असतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण मला जिची गोष्ट सांगायची आहे तिचे सारे तिथेच अडले होते.

तिला वर्गात सगळे पिवळी म्हणत. हे नाव तिच्या टेबलावरच्या जोडीदाराने ठेवले. त्याला लंबू म्हणत, कारण बर्नरकडे पाहायला त्याला कमरेत वाकावे लागे. पिवळीने कोणताही क्षार घेतला तरी ज्योत पिवळी होई. बेरियम घेतला, पिवळी. तांबे घेतले, पिवळी. लंबू म्हणाला, "हिच्या हातात कोळसा दिला तरी पिवळा निघेल," आणि सगळे हसले. पिवळीही हसली. पण हसता हसता तिने मला पुन्हा आम्लात बुडवले.

मित्रांनो, चूक कुठे होत होती हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. पिवळी घड्याळजींची मुलगी. ज्या घरात केसाएवढ्या स्प्रिंगला बाक आला तरी चालत नाही, त्या घरात ती वाढलेली. तिला वाकडे काही बघवत नसे. मी जुनी झाले होते, तापून तापून माझे कडे सैल पडत असे. ती मला मन लावून स्वच्छ करी, अगदी बाईंनी सांगितले तसे, आणि मग क्षाराला टेकवण्याआधी दोन बोटांच्या चिमटीत धरून कडे छान गोल करी. तिच्या तळहातांना आणि बोटांना सतत घाम येई. उन्हाळा असो वा हिवाळा, तिच्या वहीची पाने कडेला दमट होऊन वर वळलेली असत. एवढी मेहनत घेऊन धुतलेली मी, शेवटच्या क्षणी पुन्हा खारट होई. इतर मुले माझे कडे वाकडे तर वाकडे म्हणून तसेच वापरत, आणि त्यांचे रंग बरोबर येत. टापटीप एकटीचीच, आणि भोगायचे तिनेच. मला वाचा असती तर मी ओरडून सांगितले असते.

बाईंनी तिच्यासाठी काय केले नाही? आम्ल बदलून दिले. बर्नर बदलून दिला. क्षाराची नवी बाटली उघडून दिली. प्रत्येक वेळी पिवळी मान खाली घालून सांगे, "बाई, परत पिवळाच आला." ज्योतीचा रंगच चुकला की पुढची सगळी तपासणी भलत्या वाटेने जाई. लेखी परीक्षेत ती वर्गात पुढे असे आणि प्रात्यक्षिकात नापास होई. शेवटी बाईंनी तिच्या वडिलांना बोलावून घेतले.

घड्याळजी दुपारी आले. बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशाला भिंग अडकवलेले. टेबलावर क्षार ठेवायच्या वाटोळ्या खोलगट काचा होत्या. त्यातली एक त्यांनी उचलली, उजेडात धरली आणि म्हणाले, "ही तर घड्याळाची काच."

"आम्हीही तिला घड्याळकाचच म्हणतो," बाई म्हणाल्या. "बसा ना."

ते बसले नाहीत. पिवळी त्यांच्या मागे हातरुमाल चुरगळत उभी होती. बाईंनी सगळे सांगितले, आणि मुलगी हुशार आहे हेही दोनदा सांगितले. घड्याळजींनी शांतपणे ऐकून घेतले.

"बाई, दोष तिचा नाही," ते म्हणाले. "हात तसे आहेत. लहान असताना दुकानात यायची, हे काय ते काय विचारून मला भंडावून सोडायची. पण तिनं बोट लावलं की आठवड्यात पोलादावर गंज. मग मी तिला घड्याळांना हात लावू देणं बंद केलं. फार रडली होती. आता इथं येऊन पुन्हा तेच."

"बाबा, मी करते सराव," पिवळी म्हणाली.

"सरावाने घाम जातो का, बेटा?" त्यांचा आवाज कडक नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. ते बाईंकडे वळले. "वार्षिक प्रात्यक्षिकात पास झाली तर पुढेही हेच शिकू दे. नाही झाली, तर पुढच्या वर्षी मी तिची शाखा बदलून घेईन. जिथे हाताचं काम नाही असं काहीतरी. दरवेळी तिला असं मान खाली घालून उभं राहिलेलं मला नाही बघवत."

पिवळीने रुमाल खिशात ठेवला आणि हात पाठीमागे घेतले. मला त्या दिवशी फार वाईट वाटले. माझ्यासारख्या धातूला वाईट वाटते का, असे तुम्ही विचाराल. माझ्यावर आम्लाचा परिणाम होत नाही एवढेच पुस्तकात लिहिलेले आहे.

प्रात्यक्षिक तोंडावर आले. बाईंनी पिवळीला आणि लंबूला तास संपल्यावर सरावाला थांबायची परवानगी दिली. लंबूला वजन करायचा तराजू जमत नव्हता, तो कोपऱ्यात त्याच्याशी झटत होता. पिवळीने मला स्वच्छ केले आणि नेहमीप्रमाणे कडे गोल करायला बोटे पुढे आणली. तेवढ्यात वाऱ्याने खिडकीचे दार धाडकन आपटले. फळीवरच्या बाटल्या एकमेकींवर किणकिणल्या. पिवळीने मला कांडीसकट स्टँडला अडकवले आणि धावत जाऊन खिडकीची कडी लावली. परत आली ती धापा टाकत, बाटल्या शाबूत आहेत ना हे बघत बघत. हातातले काम कुठवर आले होते ते ती विसरली, क्षार लावून झाला आहे असेच तिला वाटले. तिने मला उचलले, आणि कडे तसेच वाकडे ठेवून थेट ज्योतीत धरले.

ज्योत निळीच राहिली.

ती बघत राहिली. मला बाहेर काढून तिने माझ्याकडे बघितले, पुन्हा ज्योतीत घातले. काही नाही. मी लालबुंद तापले होते आणि माझ्याभोवती रंगाचा मागमूस नव्हता. मग तिचे लक्ष कड्याकडे गेले. सवयीने तिने मला निवू दिले, कडे बोटांनी नीट गोल केले आणि ज्योतीत धरले. भक्कन पिवळा उठला.

"क्षार तर मी लावलाच नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

मित्रांनो, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय आले ते मला नीट सांगता येणार नाही. दुःख नव्हते, आनंदही नव्हता. पेटीचे झाकण किलकिले झाले की माणूस जसा वाकून बघतो, तशी ती वाकली. पुढचा पाऊण तास तिने मला उसंत दिली नाही. धुतले, निळी ज्योत. उजवे बोट लावले, पिवळी. धुतले, निळी. डावे बोट, पिवळी. नळाचे पाणी लावले, पिवळी, पण मंद. टेबलावरच्या धुळीत टेकवले, पिवळी. जिभेला बोट लावून ते मला लावले, तर विचारू नका.

"लंबू, इकडे ये. बोट दे तुझं."

"कशाला? जाळणार आहेस?"

"नाही जाळत. नुसतं टेकव."

लंबूने घाबरत घाबरत बोट टेकवले. ज्योत पिवळी झाली. पिवळीने टेबलावर थाप मारली. "तूही पिवळाच निघालास!"

लंबूचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तेवढ्यात बाई आल्या. हा काय गोंधळ आहे असे त्या विचारणार, त्याआधीच पिवळीने त्यांचे बोट धरून मला टेकवले. बाईंचीही ज्योत पिवळी. मग तिने सगळे भराभरा सांगितले, कडे, बोटे, घाम, सगळे. बाई स्टुलावर बसल्या.

"मी तुझं आम्ल बदललं, बर्नर बदलला, सगळं बदललं," त्या म्हणाल्या. "तू कांडी हातात घेतल्यावर नेमकं काय करतेस, हे एकदा शेजारी उभं राहून बघायला हवं होतं गं मी."

"घरी बाबा चिमट्याशिवाय कशालाच हात लावत नाहीत, बाई. आणि मी इथे येऊन बोटांनी करत बसले."

"कडं सरळ करायचं तर कर. पण त्यानंतर पुन्हा आम्लात बुडव. शेवटचा हात आम्लाचा असू दे, तुझा नको."

त्या दिवशी पिवळीने पहिल्यांदा बेरियमचा पोपटी रंग बघितला, आपल्या हाताने केलेला. मग स्ट्रॉन्शियमचा लाल. मग बाईंनी कपाटातून एक निळी काच काढून दिली. त्या काचेत कोबाल्ट असते आणि ती सोडियमचा पिवळा प्रकाश गिळून टाकते. काचेतून बघितले की मागे दबलेला पोटॅशियमचा जांभळट रंग दिसू लागतो. पिवळीने काच डोळ्यांना लावली आणि कितीतरी वेळ खाली केली नाही. "हा इथेच होता?" एवढेच तिने विचारले. बाई हो म्हणाल्या.

मग प्रात्यक्षिकाचा दिवस आला. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, हळू चालणारे आणि मृदू बोलणारे. परीक्षा सुरू होण्याआधी बाई त्यांच्याशी दाराजवळ बोलत होत्या. माझा स्टँड तिथून जवळ होता. "त्या मुलीच्या हाताला फार घाम येतो हो," बाई सांगत होत्या. "बरीच सुधारणा आहे, पण घाबरली तर पुन्हा पिवळा यायचा. तेवढं सांभाळून घ्या." परीक्षकांनी मान हलवली. बाईंचा हेतू चांगला होता, त्यावर मी शपथ घेईन.

प्रत्येकाने ट्रेमधून एक नळी उचलायची होती. पिवळीच्या नळीत बारीक पांढरे दाणे होते. तिने हात साबणाने धुतले, पुसले, मला स्वच्छ केले. रिकामीच ज्योतीत धरले, ज्योत निळी. मग दाण्यांना टेकवले आणि ज्योतीत नेले.

झगझगीत पिवळा.

तिचा हात जागच्या जागी थांबला. तिने मला पुन्हा धुतले. रिकामीच धरले, निळी. क्षार लावला, पिवळा. निळ्या काचेतून बघितले, मागे जांभळा नव्हता. तिसऱ्यांदा तेच केले. तिच्या कपाळावर घाम आला होता, तो माझ्यावर पडू नये म्हणून ती मागे सरकली. मग तिने पेन उचलले आणि उत्तरपत्रिकेवर लिहिले, सोडियम. त्या क्षाराच्या पुढच्या चाचण्या तिने नीट केल्या, त्यांतही दुसरा कोणता धातू सापडला नाही.

परीक्षक फिरत फिरत तिच्यापाशी आले. त्यांनी कागद वाचला, बाईंकडे नजर टाकली. बाई खिडकीतून बाहेर बघू लागल्या. कोणत्या नळीत काय आहे ते परीक्षकांनी स्वतः ठरवले होते आणि बाईंनाही सांगितलेले नव्हते. एवढ्या नळ्यांतून नेमकी ही कोणती, ते बघायला त्यांनाही आपल्या जागेवर जावे लागले असते, आणि त्यांना त्याची गरज वाटली नाही.

"हे बघ बाळ," ते खालच्या आवाजात म्हणाले, "बाईंनी मला सांगितलंय तुझ्याबद्दल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. अजून वेळ आहे. हे खोड आणि पुन्हा एकदा शांतपणे कर. दुसरा रंग दिसतो का बघ."

मित्रांनो, रागावून कोणी चूक म्हटले तर माणूस भांडतो तरी. इतक्या मायेने म्हटले की काय करायचे? मागच्या टेबलावरून कोणीतरी हळूच "पिवळी" म्हणाले. लंबूने वळून त्याच्याकडे असे काही बघितले की तो गप्प बसला. पिवळीने पेन उचलले, आणि तिची बोटे खोडण्यासाठी टोपण काढू लागली. कॅल्शियम लिहिले असते, बेरियम लिहिले असते, तर सगळ्यांना बरे वाटले असते. मला फक्त तिची बोटे दिसत होती, आणि ती ओली होती.

तिने पेन खाली ठेवले.

"सर, पुन्हा करते. पण तुम्ही इथेच थांबा."

तिने मला आम्लात बुडवले. ज्योतीत धरले. "हे माझं," ती म्हणाली. "काही नाही." परीक्षक वाकले. मग तिने मला आम्लात ओले करून दाण्यांना टेकवले आणि ज्योतीत नेले. पिवळा उसळला. परीक्षक सरळ होऊ लागले तशी ती म्हणाली, "थांबा ना, सर. घामाचा पिवळा भक्कन येतो आणि लगेच जातो. मी तो इतक्या वेळा बघितलाय की झोपेतही ओळखेन. हा बघा, जातच नाहीये."

परीक्षक पुन्हा वाकले. ज्योत पिवळी राहिली. मी तापून पांढरी पडायला आले, तरी पिवळी राहिली. बाई कधी जवळ येऊन उभ्या राहिल्या ते कोणाला कळले नाही.

"हा माझा नाही, सर," पिवळी म्हणाली. "हा त्याचाच आहे."

परीक्षक आपल्या जागेवर गेले, पाकिटातली चिठ्ठी काढून वाचली आणि परत आले. त्यांनी पिवळीचा कागद आपल्याकडे ओढला, सोडियम या शब्दाखाली लाल रेघ मारून सही केली. "मी खोडायला सांगितलं होतं तुला," ते म्हणाले. "बरं झालं ऐकलं नाहीस." बाईंनी पदर डोळ्यांना लावला. पिवळी तशीच उभी होती, आणि मला ज्योतीतून बाहेर काढायचे तिच्या लक्षातच आले नव्हते.

पुढे ती वरच्या वर्गांत गेली, मग दुसऱ्या शहरात शिकायला गेली. शाखा बदलली नाही एवढे मला बाईंच्या बोलण्यातून कळले. नंतर बाईही निवृत्त झाल्या. आता इथे स्वस्त मिश्रधातूच्या तारा आल्या आहेत, आणि ज्योतीचे रंग मुलांना पडद्यावर दाखवतात. मधल्या काळात कोणीतरी मला शिशाच्या क्षारात घालून तापवले. शिसे वितळून माझ्यात भिनले, माझे टोक ठिसूळ होऊन गळून पडले आणि मी आणखी आखूड झाले. एवढी मोठमोठी आम्ले पचवली, आणि त्या मऊ शिशापुढे हरले. तेव्हापासून मी खणात पडून असते. कधी खण उघडतो, प्रकाश येतो, कोणीतरी टाचणी शोधत असते आणि खण पुन्हा बंद होतो.

मित्रांनो, माझे फार मागणे नाही. मला शिशाजवळ नेऊ नका. काजळी धरणाऱ्या ज्योतीत धरू नका. वापरून झाले की धुऊन ठेवा. आणि एखाद्या अनोळखी पदार्थाला मी टेकवण्याआधी एकदा मला नुसती, रिकामीच ज्योतीत धरून बघा. त्यात पिवळे दिसले तर कोणाला हसू नका, तुमच्याही बोटांना घाम आहे. मला पुन्हा धुवा. कंटाळा आला तरी पुन्हा धुवा. आणि इतके करूनही समोरच्या पदार्थाची ज्योत पिवळीच दिसली, आणि शेजारी उभी असलेली भली माणसे प्रेमाने खोड म्हणत असली, तरी खोडू नका. त्यांना थांबवा, आणि दाखवा.